मडक्यावरचा डोंगर

“हा बघा, सिंहगड!”

सत्यजितनं मडकं राजाभाऊंच्या नाकासमोर धरलं. मडक्याच्या पोटावर एक लांबट डोंगर, डोंगरावर एक बारीक टॉवर. पुण्याच्या माणसाला दुसरं काय दिसणार? त्याला चंद्रावर सोडा, तिथंही सिंहगड शोधील आणि वर पिठलं-भाकरी कुठं मिळते ते विचारील.

“वा, वहिनी! टीव्हीच्या टॉवरसकट काढलाय की,” राजाभाऊ म्हणाले. ते शेजारच्या सिंडेलफिंगेन गावाहून खास जेवायला आले होते.

अरुंधती पोळ्यांना तूप लावत राहिली.

श्टुटगार्टच्या एका म्युझियमात अमेरिकेतल्या ॲरिझोनाहून लोरेन नावाची होपी जमातीची कुंभारीण शिकवायला आली होती, अरुंधती तिच्या वर्गाला जात होती. ती चाक वापरत नव्हती. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, गुळगुळीत दगडानं घासून चकाकी आणायची, मग रानातल्या पानाच्या कुंचल्यानं रंगवायचं. तिच्या भांड्यांवर तिच्या गावचे सपाट माथ्याचे डोंगर होते आणि त्यांच्यावर उतरणारा पाऊस. वर्गातल्या जर्मन बायकांनी तेच डोंगर काढायला घेतले. लोरेन हसली. “ते माझे आहेत. तुम्ही तुमचे काढा.”

अरुंधतीनं घरी एवढंच सांगितलं. सत्यजितला तेवढं पुरलं. पुण्याच्या ऑफिसनं त्याला कायमचं परत बोलावलं होतं, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. “जायचं ना?” असं तो विचारी आणि ती “सांगते” म्हणे. काल ती भाजलेलं मडकं घेऊन आली. झालं, मिळालं उत्तर! बायको गप्प बसली की तिचं उत्तर आपल्या सोयीनं वाचायचं. ही विद्या आपल्या पुरुषांना शिकवावी लागत नाही.

“थांबा, आईला आत्ताच सांगतो.” त्यानं फोन स्पीकरवर टाकला. पुण्यात घंटी वाजू लागली.

आठ वर्षांच्या अवनीनं मडकं फिरवून पाहिलं. “पापा, दास इस्ट डोख उन्झर टुर्म!” मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. हा तर आपला टॉवर, असं ती म्हणत होती.

“अगं, हा सिंहगड. तुला नाही माहीत.”

“नाइन!” नाही म्हणत ती उठली आणि तिनं रोलाडेनचा पट्टा ओढला. लॅपटॉपवर ऊन येतं म्हणून सत्यजित ती खिडकीची झडप कायम पाडून ठेवायचा. झडप कुरकुरत वर गेली. समोरच्या गॅलऱ्यांवर वर्ल्ड कपचे झेंडे अजून लटकत होते. त्यांच्या मागं डोंगर. डोंगरावर टॉवर. मडक्यावर होता तसाच.

“आल्झो... असं आहे तर,” म्हणत राजाभाऊंनी कोशिंबीर जवळ ओढली.

“अगं, पण लोरेन म्हणाली होती ना, तुमचे डोंगर काढा?” सत्यजित म्हणाला.

“काढला की,” अरुंधती म्हणाली.

“हॅलो? सत्या? अरे, कधी येताय?” फोनमधून आई विचारत होती. सत्यजित अजून खिडकीतून टॉवर बघत होता.

अरुंधतीनं हात पुसले आणि फोन जवळ घेतला.

“येतोय ना, आई. दिवाळीला. पंधरा दिवस.”