रुमालाखालचा हात

रुमालाखाली म्हाताऱ्या व्यापाऱ्याने अब्बासची चार बोटं दाबली. चाळीस हजार. घोडेबाजारात भाव असाच ठरायचा, तोंडातून अवाक्षर न काढता. अब्बासच्या खिशात तेवढेच होते.

घोडी तर गरीब गाय. भाव ठरवण्याआधी त्याने तिच्या कानाशी छत्री फाडकन उघडली होती, डबा बडवला होता, तो तिच्या पोटाखालून सरपटत गेला होता. पठ्ठीने शेपटीही हलवली नव्हती. तरी आता तो होकार देईना. डोंगरावर तो पर्यटकांना घोड्यावर फिरवायचा; गेल्या मे महिन्यात त्याच्या घोड्याने एक पोरगी पाडली होती. तासभर ती शुद्धीवर आली नव्हती.

तंबूपाशी व्यापाऱ्याची नात भाकरी खात बसली होती.

"बाबा, तिला हिच्यावर बसवून एक फेरी मारून आणा," अब्बास म्हणाला. "लगेच पैसे देतो."

"त्यात काय! बसवतो की," म्हातारा हसत म्हणाला. पण रुमालाखाली त्याची बोटं गारठली. अब्बासने ती सोडली नाहीत.

"काय चारलंय हिला?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "अफू. उतरली की लाथा झाडते."

"मग तुमची नात कशावर बसते?"

म्हाताऱ्याची नजर तंबूमागे बांधलेल्या थकल्या तांबड्या घोडीकडे गेलीच. अब्बासने रुमालाखाली त्याची चार बोटं घट्ट दाबली.

नातीचा घास हातातच राहिला.

"ती विकायची नाही," म्हातारा ठणकावून म्हणाला.

हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही.