रक्तात शून्य

भुकटी पुन्हा वर आली. पाण्यावर पिवळा थर धरून बसली, हलायचं नाव नाही.

“हट्टी आहे,” शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. “अगदी तुझ्यासारखी.”

तिने पात्र धुतलं, पुढचं भरलं. कंदातून काढलेलं हे द्रव्य दुखणं थांबवायचं, पण पाण्यात विरघळायचं नाही. आणि न विरघळलेलं औषध पोटातून तसंच निघून जातं. म्हणून ती ते पॉलिमरमध्ये मिसळून बघत होती. पॉलिमरच्या लांब साखळ्या कणांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. निदान पुस्तकात तरी.

नवव्या पॉलिमरने ऐकलं. पाणी नितळ पिवळं झालं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

माणसांवरच्या चाचणीला मंजुरी मिळेपर्यंत वर्ष गेलं. तोवर बाबांचा आजार हाडांत पोचला होता. इलाज संपले होते. उरलेले दिवस दुखण्याशिवाय जावेत, एवढंच आता हातात होतं. डॉक्टरांनी त्यांचं नाव पहिल्या गटात घातलं.

“आयुष्यभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केले,” बाबा बाटली हातात घेत म्हणाले. “आता पोरगी माझे करणार.”

“रोज दोन कॅप्सूल. जेवणानंतर. विसरायचं नाही.”

“बरं, शास्त्रीणबाई. आणि हे बघ, आईपाशी या औषधाचा विषय काढू नकोस. चाचणी म्हटलं की धसका घेईल.”

“चहा घेऊन जा गं कुणीतरी!” आई आतून ओरडली. “माझ्याच्याने कप धरवत नाही.”

तिसऱ्या आठवड्यात बाबांचं रक्त तपासलं. औषध शून्य.

“बाबा, घेताय ना?”

“मग काय, खिडकीतून फेकतो? बरंच बरं वाटतंय.”

ते मन राखायला बोलतात, हे तिला कळत होतं. जिना चढताना ते तीनदा थांबले होते. म्हणजे काचेत विरघळलेलं पोटात पुन्हा गोठत असणार. तिने पॉलिमरचं प्रमाण वाढवलं, मग पॉलिमरच बदलला. डॉक्टरांची मान्यता घेऊन नवी बाटली धाडली. रविवारीही ती प्रयोगशाळेत जाऊ लागली. जेवताना तिचा पाय टेबलाखाली हलत राहायचा.

“आज ये की,” बाबा फोनवर म्हणायचे. “पत्ते कुटू. तुझी आई लबाडी करते.”

“एवढा घोळ निस्तरला की येतेच.”

आई त्यांच्याजवळ बसायची. घास भरवायची, शर्टाची बटणं लावायची, उशीचे अभ्रे शिवायची. एकट्या आईवर सगळं पडलंय, हे लेकीला खात होतं. पण घोळ निस्तरत नव्हता.

दुसरी तपासणी, शून्य. तिसरी, शून्य.

“काचेत चालतं, माणसात नाही. होतं असं,” सहकारी म्हणाली. “तू घरी जा बाई.”

ती गेली नाही. गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा ती तराजूवर अकरावा पॉलिमर तोलत होती. बाबा गेले होते.

पंधरा दिवसांनी ती आईकडे कपाट आवरत होती. पाठवलेल्या बाटल्या कुठेच दिसल्या नाहीत. आई दारात घुटमळली.

“रागावणार नसशील तर एक विचारू? ही वेळ नाही, कळतं मला.”

“विचार ना.”

“माझ्या बोटांसाठी बाबांच्या हाती द्यायचीस ना, त्या पिवळ्या कॅप्सूल संपल्या. आणखी करशील का?” आईने हाताची मूठ मिटली, उघडली. “पहिल्याच बाटलीने उतार पडला होता.”