न्यायला येणारी लेक

डनेडिनच्या विद्यापीठात तीस किलोमीटर धावणाऱ्यांचं रक्त तपासत होते, आणि सदुसष्ट वर्षांच्या मर्डोने हौसेने आपलं नाव दिलं होतं. एवढं धावल्यावर कुणी एकट्याने घरी जायचं नाही, असा तिथला नियम. म्हणून "लेक गेटपाशी गाडी घेऊन थांबलीय," असं सांगून तो बाहेर पडला. गेटपाशी गाडी नव्हती, आणि मर्डोला लेकही नव्हती. बस नुकतीच गेलेली. थांब्यावर एकट्याने बसून राहणं त्याला नको वाटलं, आणि बंदराच्या कडेकडेने आणखी तेरा किलोमीटर धावत तो घरी पोचला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. तपासणारी अनाहेरा आकडे बघून चक्रावली.

"धावल्याने पेशींवर येणारा ऑक्सिडेटिव्ह ताण बाकी सगळ्यांचा रात्रीत उतरलाय. तुमचा उलट वाढलाय! लेक घरी नेऊन लाकडं फोडायला लावते की काय?"

"छे गं! पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही," मर्डो हसला.

"मग चला, मीच येते गेटपर्यंत. बघते तिच्याकडे."

दोघं गार वाऱ्यात गेटपाशी जाऊन उभी राहिली.

"येईलच इतक्यात," तो म्हणाला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली.



वळणावरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे आता मर्डोसुद्धा आशेने बघू लागला.