कुंकू लागण्याआधी

"सही करून टाका, मार्थाबाई. खाली गिऱ्हाईक थांबलंय," रविराजशेठ म्हणाले आणि पेनाचं टोपण त्यांनी स्वतःच काढून दिलं.

मार्थाबाईंनी पेन घेतलं नाही. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, बोनस, सगळं ठरलं होतं. ते कायद्यानं त्यांचंच होतं, त्यात शेठचा काही मोठेपणा नव्हता. घोडं पेंड खात होतं ते शेवटच्या कलमापाशी. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं जिल्ह्यातल्या कुठल्याही कापड दुकानात काम करायचं नाही.

"एवढी ओळ काढा," त्या म्हणाल्या. "ग्रेसनं जामखेडला साड्यांचं दुकान टाकलंय. लेक माझ्या भरवशावर आहे."

"म्हणूनच तर घातलीय ओळ. तुम्ही जामखेडला बसलात की तिकडचा एक बस्ता नगरला यायचा नाही." शेठ हसले. "पटत नसेल तर हिशेब अडकून राहील. मग कोर्ट आहेच."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे मार्थाबाई जाणून होत्या आणि त्या ते जाणून आहेत हे शेठ जाणून होते. साठीला आलेल्या बाईनं आणखी तीन वर्षं हात बांधून बसायचं, मग उरलं काय? गंमत अशी, की दिवाळीनंतर याच शेठनी त्यांना खालच्या गादीवरून उठवून वर किमतीचे स्टिकर चिकटवायला बसवलं होतं. बाईंची किंमत त्यांना कळली ती बाई सोडून जाते म्हणाल्यावर.

जिन्यावरून दुकानातला सुनील धावत आला. "शेठ, ती म्हातारी ऐकंना! मार्थाबाई शालू उलगडणार असतील तरच बसते म्हणते."

खाली जामखेडजवळच्या खर्डा गावचा बस्ता आला होता. नवरीच्या शालूपासून पाहुण्यांच्या टोप्यांपर्यंत लग्नाचं सगळं कापड एकाच बैठकीत घ्यायला दोन क्रूझर भरून माणसं उतरली होती. अशा वेळी आधी नवरीचा शालू उलगडतात आणि घरातली थोरली बाई त्याला कुंकू लावते. कुंकू लागलं की बस्ता फिरत नाही. मग भावावरून कितीही हमरीतुमरी होवो, ते घर दुसऱ्या दुकानात जायचं नाही. पण कुंकू लागण्याआधी चपला घालून समोरच्या दुकानात जायला सगळे मोकळे.

"जा, एवढा बस्ता करून या," शेठ घाईनं म्हणाले. "कागदाचं नंतर बघू."

हे 'नंतर' मार्थाबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. एकदा कुंकू लागलं की शेठला त्यांची गरज उरणार नव्हती. नाही म्हणावं, असं एकदा मनात आलं. पण नवरी ताटकळत बसली होती आणि त्या पोरीचा यात काय दोष? त्या जिना उतरल्या.

गादीवर गोजरबाई पाय पसरून बसल्या होत्या, कुंकवाचा करंडा पुढ्यात उघडा ठेवून. शेजारी नवरी, त्यांची नात स्नेहल.

"कुटं हुतीस गं? माज्या तिन्ही लेकींचे शालू तुज्या हातचे. तिगी बी सुखात हायेत."

मार्थाबाईंनी शालू मांडीवर घेतला. गोजरबाईंनी कुंकवात बोट बुडवलं.

"फुडल्या साली हिच्या भावाचं हाय. तवा बी तूच."

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण समोर कुंकवाचं बोट आणि तोंडात खोटं, हे मार्थाबाईंना जमेना. घडीवर त्यांचा हात थांबला.

"न्हाई जमायचं, मावशी. आज माझा शेवटचा दिवस. आणि तीन वर्षं कुठंच शालू उलगडायचा न्हाई, असं लिहून मागतायत."

"कोन मागतंय?"

मार्थाबाईंनी नाव घेतलं नाही. जिन्याकडं पाहिलं फक्त. तिथं रविराजशेठ उभे होते. चहा पिणारे पाहुणे तसेच थांबले.

"व्हय रं पोरा? तू बी बसू देनार न्हाईस, आन दुसरीकडं बी न्हाई?"

"आजी, ते आमचं ऑफिसचं काम आहे..."

"बाईच्या हाताला कसलं आलंय हापिस?" गोजरबाईंचं कुंकवाचं बोट तसंच अधांतरी होतं. "चला रं."

दाराशी कुणीतरी चपला शोधू लागलं. बस्ता गेला तर शेठ हिशेब कायमचा अडकवणार, हे मार्थाबाईंना दिसत होतं. तरीही घडी त्यांनी सोडली नाही.

शेठ वर गेले. उतरले ते दोन्ही प्रती घेऊनच. सगळ्यांसमोर त्यांनी दोन्हींतली ती ओळ खोडली, इतक्या जोरानं की कागद फाटला, आणि बाजूला सही केली. मार्थाबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"बाई, गिऱ्हाईक थांबलंय," शेठ दातओठ खात पुटपुटले.

"थांबतील की."

सगळं वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही प्रतींवर सही केली. मग शालूची घडी धरून एका झटक्यात उलगडली. लाल रेशीम गादीभर पसरलं, इतका वेळ ताटकळलेली स्नेहल हसली आणि गोजरबाईंनी पदराला कुंकू लावलं.

बोटाला थोडं उरलं होतं. ते त्यांनी धुतलं नाही, पुसलं नाही. शेठच्या हातातली प्रत ओढून घेतली आणि खोडलेल्या ओळीवर बोट टेकवलं.

"लागलं कुंकू," त्या म्हणाल्या. "आता फिरायचं न्हाई, शेठ."