दुसरा पाटा

पुलाच्या चढावर सर्कशीचा ट्रक धापा टाकून थांबला आणि ड्रायव्हर सीतारामच्या तोंडून शिवी निघाली. मागे जोडलेली घरगाडी, म्हणजे चाकांवरचं खोपटंच, ट्रकला पुढे जाऊ देईना. लालबागेत सकाळपासून पोलिसांचा गोळीबार चालू होता. तंबू गुंडाळून निघायला सर्कसवाल्यांना नेमका आजचाच मुहूर्त मिळाला होता!

तेवढ्यात चाळीतली माणसं दाराची फळी खांद्यावर घेऊन धावत आली. फळीवर दत्ताराम, गिरणीतला साचेवाला. पोटात गोळी. शेजारी त्याची बायको बकुळा, लुगड्याचा बोळा जखमेवर दाबून धरलेली.

"भाऊ, हॉस्पिटलात न्या ह्यांना. पाया पडते."

"नेतो गं बाई, पण हे लोढणं घेऊन ट्रक चढत नाही. सोडवायला हवं."

"मग सोडवा ना!"

सोडवा म्हणणं सोपं. घरगाडीचा ब्रेक कधीच कामातून गेला होता. दोन्ही चाकांमागे दगड लावल्याशिवाय जोडाची पिन काढली, तर गाडी गडगडत खाली जमलेल्या बायापोरांत शिरणार.

"दोन मोठे दगड आणा रे!" सीताराम ओरडला.

दगड होते कुठे? फूटपाथसुद्धा उखडून झाला होता. सगळे दगड पोलिसांच्या पायाशी जाऊन पडले होते.

शेवटी चाळीतल्या राधाबाईने आपला पाटा आणला. सकाळचं वाटण अजून त्याला चिकटलेलं. सीतारामचा जोडीदार, सर्कशीतला म्हातारा बाबुराव, त्याने तो एका चाकामागे ठोकून बसवला.

"दुसरा?"

"शैलाचा येतोय, तिसऱ्या मजल्यावरून," राधाबाई म्हणाली.

"एकच चाक अडवलं तर गाडी फिरेल, बाबुराव. थांबू या."

बकुळाच्या हातातला बोळा निथळत होता.

"थांबू या म्हणतो!" बाबुराव खेकसला. "अरे, माणूस चाललाय. पाटा येईस्तोवर आम्ही धरतो. या रे, लावा खांदे!"

पाच-सहा जणांनी खांदे लावले. सीतारामने जीव मुठीत धरून पिन उपसली. गाडी कुरकुरली, पण थांबली. हलका झालेला ट्रक दत्ताराम-बकुळाला घेऊन पूल चढून गेला.

हॉस्पिटलचं फाटक दिसायच्या आत दत्ताराम गेला. बकुळा रडली नाही. "आता आत नेऊ नका," ती म्हणाली. "पोलीस देह देणार नाहीत. घरी चला."

पुलावर परत येताच सीतारामने ब्रेक दाबला. रस्ता ओस. पोलीस येऊन गेले होते, अश्रुधुराने अजून डोळे चुरचुरत होते. सगळे पळाले होते. शैलाचा पाटा चाळीच्या पायरीवर तसाच पडला होता. घरगाडी तिरकी होऊन अडकली होती. एक चाक पाट्यावर, आणि दुसऱ्या चाकाखाली, कमरेपासून खाली, बाबुराव. जिवंत. म्हातारा पळाला नव्हता!

राधाबाई नि दोघे-तिघे धावत आले, त्याला ओढायला लागले.

"हात लावू नका!" सीताराम किंचाळला. "आधी गाडी ट्रकला अडकू द्या. नाहीतर पुरती अंगावरून जाईल."

त्याने ट्रक वळवला. आता मागे घेताना वीतभर अंदाज चुकला, तर तोच धक्का बाबुरावला. आणि एरवी मागे उभं राहून सांगणारा बाबुरावच चाकाखाली होता.

बकुळाने नवऱ्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं आणि ती ट्रकातून उतरली. "येऊ द्या," ती म्हणाली. "येऊ द्या... हळू... बस."

पिन बसली. ट्रकने गाडी तसूभर पुढे ओढली आणि बाबुराव मोकळा झाला. त्याचे ओठ हलले.

"सीताराम, तो पोरगा... पोचला का रे वेळेवर?"

सीतारामने तोंड फिरवलं.

बकुळा रस्त्यातच बसली. म्हाताऱ्याचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"पोचले, बाबा. डॉक्टर म्हणाले, वाचतील."