सकाळची बोटं

दुधाच्या पिशवीचं न फाटलेलं टोक. ब्लाउजचा उघडाच राहिलेला वरचा हूक. रात्री नवऱ्याने घट्ट बंद केलेला नळ.

रोज सकाळी वृषाली या तिन्हींपुढे हरायची. दहाच्या सुमाराला बोटं सैल पडायची. संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर विचारायचे, "आत्ता दुखतंय का?" तिला खरं तेच सांगावं लागायचं, "आत्ता तेवढं नाही." वर्षभर तिने वेदनाशामक गोळ्या आणि टोमणे गिळले.

आज सासूबाई मुद्दाम सोबत आल्या होत्या. नव्या डॉक्टरीणबाईंनी बोटांची पेरं दाबली तशी वृषाली कळवळली.

"सकाळी कशी असतात?"

तिने तोंड उघडायच्या आत सासूबाई सरसावल्या. "मी सांगते! सकाळी हिला कपसुद्धा उचलवत नाही. आमची कामं आटपली, की बाईसाहेब टकाटक! दुपारी शेवया बऱ्या वळता येतात. नाटकं नुसती!"

"आजी, हेच तर लक्षण आहे. हा रुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आमवात. सकाळी सांधे आखडतात, हालचालीने सुटतात. रक्त तपासू आणि लगेच औषध सुरू करू. आणखी उशीर झाला तर बोटं वाकडी होतील."

"बघ, मी बोलले म्हणून कळलं," सासूबाई म्हणाल्या.

वृषालीला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर?

बोटं पहिल्यांदा आखडली, त्या सकाळी सासूबाई गावाला गेल्या होत्या. वृषालीला आळशी म्हणणारी पहिली बाई वृषालीच होती.