सांगण्याजोगं दुखणं

ओमप्रकाश एसटीत शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि खुशालरावांना कळून चुकलं, की आता मूळव्याधसुद्धा आपल्याला वाचवू शकत नाही.

"अमरावतीले ना? चला, मी बी येतो. तुमच्याच डॉक्टरकडे," तो म्हणाला. "मले बी तोच त्रास सुरू झाला."

खरं तर खुशालरावांना मूळव्याध नव्हती. उभ्या हयातीत कधी झाली नव्हती. वीज मंडळात लाइनमन म्हणून तेहतीस वर्षं ते खांबांवर चढले. अकरा हजार व्होल्टच्या तारेशेजारून त्यांनी खाली उभ्या असलेल्या साहेबाला शिव्या घातल्या. मग रिटायर झाले, आणि दाराची बेल वाजली तरी छातीत धडधडू लागलं. अंघोळ नको, जेवण नको, माणूस नको. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोनदा हृदयाचा आलेख काढला. तो इतका चांगला निघाला, की त्यांनी कंपाउंडरला बोलावून दाखवला. शेवटी त्यांनीच अमरावतीच्या रागिणीताईंचा पत्ता दिला. या ताई गोळ्या देत नसत. माणसाला बोलतं करत.

पण गावात, मूर्तिजापुरात, हे सांगायचं कसं? घरात मुलाचं, नितेशचं, लग्न जमायचं होतं. बाप मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हटलं, की लोक आधी सोयरीक मोडतात आणि मग तब्येत विचारतात. निर्णय बायकोनं, वच्छलाबाईंनी घेतला. "मूळव्याध सांगू," त्या म्हणाल्या. "दाखवा, असं त कोनी म्हननार नाही."

दाखवा असं कोणी म्हटलं नाही. बाकी सगळं झालं. मूळव्याधीवर औषध म्हणून घरात सुरणाचे अकरा गड्डे जमले. मेहुण्यांनी मधे भोक असलेली उशी पाठवली. कुणाच्याही लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्या पानाशी आला, की तर्रीचं भांडं मागे घेई आणि साधं वरण वाढी. वऱ्हाडी माणसानं घराच्या अब्रूसाठी याहून जास्त काय करावं?

ताईंकडे मात्र गुण येत होता. पहिल्या भेटीत खुशालरावांनी त्यांना पाऊण तास विजेच्या खांबांचे प्रकार समजावून सांगितले. तिसऱ्या भेटीत ते रडले. कशासाठी, ते नीट सांगता येईना. ताईंनीही घाई केली नाही. मग गृहपाठ मिळू लागला. धडधड सुरू झाली तरी पळायचं नाही. श्वास सावकाश सोडायचा. भीती काय म्हणते, ते पूर्ण ऐकून घ्यायचं. रोज चौकात दहा मिनिटं उभं राहायचं. दहाची वीस झाली, विसाची चाळीस. सहाव्या महिन्यात खुशालराव रात्रभर झोपले आणि सकाळी उठून पूर्वीसारखे बायकोशी भांडले. त्या माउलीनं आळीत साखर वाटली.

अशा सगळ्या सुखात हा ओमप्रकाश. चौकातला किराणावाला. त्याच्या कानात सकाळी पडलेलं संध्याकाळी रेल्वे स्टेशनपर्यंत पोचत असे. आणि येत्या रविवारी दर्यापूरची मंडळी नितेशला पाहायला येणार होती.

"तपासाले किती वेळ लागते?" बडनेरा जवळ आलं तसं ओमप्रकाशनं हळूच विचारलं.

"पाऊण तास."

"पाऊण तास? अन् डॉक्टर मानूस हाय का बाई?"

"बाई."

ओमप्रकाश सीटवर जरा सावरून बसला. 

"करते काय पन?"

"विचारते."

"दुखते?"

"सुरुवातीले दुखते," खुशालराव म्हणाले. यातही खोटं काही नव्हतं.

राजापेठला उतरल्यावर त्यांनी भाचीकडे जाऊन येतो म्हणून पाहिलं. ओमप्रकाश म्हणाला, चला, मी बी चहा घेतो. केस कापायचे आहेत म्हणून पाहिलं. ओमप्रकाशनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला आणि माहे बी वाढलेच हाय म्हणाला. होता होता दोघं त्या जिन्यापाशी येऊन पोचले. वर पाटी होती, मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र. अक्षरं एवढी मोठी, की चष्मा विसरल्याचं सोंगही करता येईना.

छातीत धडधड सुरू झाली. पाय मागे वळू पाहत होते. खुशालरावांनी त्यांना वळू दिलं नाही. श्वास सावकाश सोडला. भीती म्हणत होती, आज संध्याकाळी स्टेशन, परवा दर्यापूर. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग ते बोलले.

"ओमप्रकाश, मले मूळव्याध नाही. मन बिमार झालं होतं माहं. इथं येऊन येऊन सुधरून राहिलो. आता जा, अन् ज्याले सांगाचं त्याले सांग."

ओमप्रकाश खालच्या पायरीवर बसला. त्यानं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. 

"ते समोरची रसवंती माह्या साळ्याची हाय," तो म्हणाला. "तुमी कुठं येता, ते दिवाईपासून माहीत हाय मले."

खुशालरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. दिवाळीला चार महिने उलटून गेले होते. एवढ्या दिवसांत स्टेशनपर्यंत एक शब्द पोचला नव्हता.

"मंग तुही मूळव्याध?"

"मले बी नाही," ओमप्रकाश चपलेकडे पाहत म्हणाला. "रातभर छताकडे पाहत रायतो. घरी सांगाले दुसरी बिमारी सुचली नाही, खुशालभाऊ, म्हून तुमचीच उचलली."